काळी माती, एप्रिलचा स्लॅब आणि तीन टँकर पाणी

ताईंनी जे विचारलंय ते थोडक्यात असं. सोलापुरात विजापूर रोडला सैफुलच्या पुढं त्यांचा तीस बाय चाळीस फुटांचा प्लॉट आहे. ताई शिक्षिका, यजमान टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाला. घरात दोन मुलं आणि सासरे. दसऱ्याला काम सुरू केलं. मजुरी ठेकेदाराची, माल यांचा स्वतःचा. पाया खोदताना पुढच्या बाजूला पाच फुटांवर मुरूम लागला, मागच्या एका कोपऱ्यात मात्र सात फुटांपर्यंत काळीच माती निघाली. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत कामगार गेले ते पंधरा दिवसांनी परतले. आता पाडवा तोंडावर आलाय आणि प्लिंथ बीम, म्हणजे जोत्याच्या पातळीवरच्या काँक्रीटच्या आडव्या तुळया, भरून झालेत. खोदलेली काळी माती प्लॉटमध्येच ढिगानं पडलीय, तीच जोत्यात भरून टाकू असं ठेकेदार म्हणतो. स्लॅब एप्रिलमध्ये टाकायचा आणि आठव्या दिवशी सेंट्रिंग, म्हणजे स्लॅबखालचे पत्रे आणि टेकू, काढायचं, असा त्याचा बेत आहे. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, बोअरचं पाणी जड आहे. प्लिंथ बीमवर केसासारख्या रेषा दिसतायत. कॉलमवर मारलेलं पाणी वाहून जातं. पाणी साठवायला हौदही बांधायचाय. आणि सासरे रोज म्हणतात, "आमच्या गावच्या माळवदाच्या घरात उन्हाळ्यात पंखा लागत नव्हता, तुम्ही भट्टी बांधताय."

ताई, मागच्या कोपऱ्यात ठेकेदार नको म्हणत असताना तुम्ही दोन फूट जास्त खोदून घेतलंत, ते आधी सांगतो. या घरावर आजवर झालेल्या खर्चात ते पैसे सगळ्यात चांगल्या जागी गेलेत. तीन कोपरे मुरमावर आणि एक काळ्या मातीवर, अशी घरं मी बघितली आहेत. तो एक कोपरा प्रत्येक पावसाळ्यात वेगळा वागतो आणि घर तिथून उकलत जातं. तुमचं ते संकट टळलंय.

तीस-बत्तीस वर्षं मी सोलापुरात आणि आसपासच्या तालुक्यांत बांधकामावर उभा आहे. भेगा पडलेलं घर बघायला बोलावणं येतं तेव्हा लोकांना सिमेंटचा संशय असतो, सळईचा असतो, गवंड्याचा तर असतोच. शोधत गेलं की बहुतेक वेळा पाणी सापडतं. नको त्या जागी मुरलेलं, नाहीतर हव्या त्या जागी न पोचलेलं. तुमचे सगळे प्रश्नही फिरून पाण्यावरच येतात, म्हणून त्याच वाटेनं जातो.

आधी तो मातीचा ढीग. काळी माती जोत्यात भरू नका. एक घमेलंही नको. ठेकेदार म्हणेल, "काय होत नाही की ओ, वरनं फरशीच बसणार आहे." फरशी बसणार आहे म्हणूनच भरायची नाही. आपल्या काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. मे महिन्यात शेतात जा, भेगेत मनगटापर्यंत हात जातो. हीच माती पावसाचं पाणी पोटात धरून ठेवते, म्हणून मंगळवेढ्याकडची ज्वारी रब्बीत जमिनीतल्या ओलीवर पोसते. शेताला जो गुण, तोच घराला त्रास. त्यातही तुमच्या-माझ्यासारख्यांचं एकमजली घर जास्त सोसतं, कारण ते हलकं असतं. फुगणाऱ्या मातीला दाबून धरायला त्याचं वजन पुरत नाही.

एका घरात मला पाच वर्षांत तीनदा बोलावलं होतं. स्वयंपाकघरातली फरशी मधोमध फुगलेली, पायाखाली पोकळ वाजायची, ओट्याचा आधार वर उचललेला. त्यांनी फरशी दोनदा बदलली होती. तिसऱ्या खेपेला फरशी काढून खाली चार फूट खोदायला लावलं, तर जोत्यात सगळी खोदाईचीच माती आणि शेजारच्या न्हाणीघराच्या ट्रॅपचा सांधा गळत होता. थेंब-थेंब पाणी वर्षानुवर्षं त्या मातीला मिळत होतं. भरतानाचे सात-आठ हजार वाचवले होते. पुढं त्या घरच्या बाईंनी सहा महिने स्वयंपाक पुढच्या खोलीत केला, तो खर्च कुठल्या वहीत मांडायचा?

मुरूम किती लागेल ते सांगतो. आतलं क्षेत्र सातशे चौरस फूट आणि भराव दोन फूट धरला तर १,४०० घनफूट, म्हणजे १४ ब्रास. दाबल्यावर मुरूम बसतो, तेव्हा सतरा-अठरा ब्रासची तयारी ठेवा. गाडी उतरवून घेताना मुठीत घेऊन बघा. ओला करून मळला आणि चिखलासारखा हाताला चिकटला, तर तो मातीमिश्रित आहे, परत पाठवा. भरताना सगळा एकदम ओतू देऊ नका. सहा ते आठ इंचाचा थर, त्यावर पाणी, मग धुम्मस किंवा भाड्याचं कॉम्पॅक्टर मशीन, आणि मगच पुढचा थर. नुसतं पाणी सोडून "बसला बघा साहेब" म्हणतात, त्यानं मुरूम बसत नाही. दाबल्यानं बसतो. दाबलेल्या थरावर पहार उभी धरून सोडा. ती टणकन वाजून थांबली तर ठीक, वितभर आत गेली तर पुन्हा दाबायला लावा. वरती डबराचं सोलिंग, म्हणजे मोठ्या दगडांचा थर, त्याच्या फटी मुरमानं भरून घ्या, आणि त्यावर चार इंच काँक्रीट.

अजून एक गोष्ट भराव घालायच्या आधीच करायची, नंतर ती करता येत नाही. प्लिंथ बीमच्या तळाला वाकून बघा. बीम सरळ काळ्या मातीवर ओतला असेल, तर ती माती सप्टेंबरात फुगून बीमला खालून ढकलेल. सोलापुरात सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरातच पडतो, म्हणून पहिली भेग लोकांना दसऱ्याच्या साफसफाईत दिसते. बीमखालची तीन-चार इंच माती कोरून काढा आणि ती जागा जाडसर वाळूनं सैलसर भरा, ठासू नका. बीमचं वजन कॉलमवर जातं, त्याला खालच्या मातीचा आधार लागत नाही. तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला ती जागा दाखवून मगच हात लावा. नकाशा त्यांचा आहे, शब्दही त्यांचाच चालला पाहिजे.

बीमवरच्या रेषांची काळजी एका गोष्टीवर ठरते. रेषा फक्त वरच्या पृष्ठावर, जाळीसारख्या, वेड्यावाकड्या असतील तर ते ताजं काँक्रीट उन्हावाऱ्यानं भरभर सुकल्याचं लक्षण आहे. ताकदीला त्यानं फारसा धक्का नाही, पण पाणी मारण्यात हयगय झाली हे ती जाळी सांगते. तीच रेषा बीमच्या बाजूंवर उभी उतरत असेल, दोन्ही अंगांना समोरासमोर दिसत असेल, तर भराव थांबवा आणि इंजिनिअरला त्याच दिवशी बोलवा. तोवर रेषेच्या टोकाला पेन्सिलनं खूण करून तारीख घाला. रेषा पुढं सरकते की नाही ते दोन आठवड्यांत कळेल.

आता स्लॅब. एप्रिल की पावसाळा? माझं मत: एप्रिलमध्येच टाका, पण पाण्याची सोय आधी आणि तारीख नंतर. पावसाळ्यापर्यंत थांबलात तर उघड्या जोत्यात आणि भोवतीच्या मातीत पहिला पाऊस मुरेल, आणि तेच तर आपल्याला टाळायचंय. मात्र पाणी जमणारच नसेल, तर मी उन्हाळ्यात स्लॅब टाका असं कुणालाही सांगणार नाही. सिमेंट वाळून घट्ट होतं असा समज अजून आहे. ते पाण्याशी संयोग होऊन घट्ट होतं. पहिल्या दोन आठवड्यांत पाणी कमी पडलं तर तो संयोग अर्धवट थांबतो, आणि नंतर वर्षभर पाणी मारलं तरी ती ताकद पुरती परत येत नाही. आपल्याकडे बेचाळीस-त्रेचाळीस अंशाच्या उन्हात आणि कोरड्या वाऱ्यात हे थांबणं फार लवकर होतं.

आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक आहे. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, कोरड्या-गरम हवेत किंवा पीपीसीसारख्या (राख मिसळलेल्या) मिश्र सिमेंटला किमान १० दिवस ओलावा हवा, आणि मिश्र सिमेंट असेल तर १४ दिवसांपर्यंत न्यावं असं त्यात आहे. बाजारात तुम्हाला मिळणारी बरीचशी पोती पीपीसीची असतात. पोत्यावर लिहिलेलं असतं, वाचून घ्या. म्हणजे तुमच्यासाठी आकडा १४.

चौदा दिवसांना पाणी किती? तुमचा स्लॅब साडेसातशे चौरस फूट धरला तर साधारण ७० चौरस मीटर होतात. त्यावर सिमेंट-वाळूच्या कच्च्या आळ्या करून दोन इंच पाणी उभं करायचं, म्हणजे पहिल्या भरणीला साडेतीन हजार लिटर. उन्हाळ्यात रोज सेंटिमीटरभर पाणी उडून जातं असं धरा, म्हणजे दिवसाला सातशे लिटर. चौदा दिवसांचे जवळजवळ दहा हजार. एकूण साडेतेरा हजार लिटर, म्हणजे पाच हजारांचे तीन टँकर. स्लॅबला नव्वद-शंभर पोती सिमेंट आणि वर सळई असा खर्च होणार. त्यापुढं तीन टँकर किती मोठे आहेत ते तुमचे यजमान हिशेबनीस आहेत, मांडून बघतील. हे टँकर स्लॅबच्या आधी बोलून ठेवा. एप्रिलमध्ये ऐन वेळी फोन केला तर "उद्या बघू" हेच उत्तर येतं.

बोअरचं पाणी काँक्रीटमध्ये घालण्याआधी तपासून घ्या. बाटलीभर पाणी प्रयोगशाळेत दिलं की कळतं. सळईच्या काँक्रीटसाठी क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर नसावं. जास्त क्लोराइड आतल्या सळईला गंजवतं, आणि तो गंज दहा-बारा वर्षांनी छताचे पापुद्रे पाडून बाहेर दिसतो. जड पाण्यानं विटांवर आणि गिलाव्यावर पांढरे क्षारही फुटतात. अहवाल नकोसा आला तर काँक्रीट कालवायलाही टँकरच घ्या.

स्लॅबचा दिवस निवडताना १४ एप्रिलच्या आधी-नंतरचे दोन दिवस सोडून द्या. आंबेडकर जयंतीला सोलापुरात कामगार नसतात आणि नसावेतच, तो त्यांचा सण आहे. घाईनं अर्धी टोळी घेऊन स्लॅब सुरू केलात तर काम थांबेल तिथं आधीच्या-नंतरच्या काँक्रीटमध्ये सांधा पडेल. पहाटे पाचला मिक्सर सुरू झाला पाहिजे आणि दहा-साडेदहापर्यंत शेवटचं घमेलं पडलं पाहिजे. त्यासाठी आदल्या दिवशीच खडी-वाळूवर पाणी मारून ती गार करून ठेवा, सेंट्रिंगच्या पत्र्यांवरही पहाटे पाणी मारा. तापलेला पत्रा खालून काँक्रीट सुकवतो. पत्र्यावर पाणी साचलेलं मात्र नको.

ऊन चढायला लागलं की मिक्सरवाल्याचा हात पाण्याच्या बादलीकडं जातो, कारण काँक्रीट घट्ट होतं आणि ओढायला जड जातं. इथं तुम्हा दोघांपैकी एकानं उभं राहायचं. एम-२० ताकदीच्या काँक्रीटला सिमेंटच्या एका पोत्याला पाणी साधारण २५ ते २७ लिटर, आणि त्यात ओल्या वाळूतलं पाणीही धरलेलं आहे. एक बादली मोजून तिला रंगाची खूण करा आणि मिक्सरजवळ तीच बादली ठेवा. जादा पाण्यानं काम सोपं होतं, काँक्रीट मात्र कच्चं होतं. गवंड्याला सोपं काँक्रीट हवंच असेल तर प्लास्टिसायझर नावाचं द्रव्य मिळतं, इंजिनिअरच्या सांगण्यावरून मोजून घाला.

वरचा हात मारून झाला की लगेच प्लास्टिकच्या कागदानं झाका. बीमवरच्या त्या जाळीच्या रेषा स्लॅबवर नको असतील तर एवढं कराच. संध्याकाळी काँक्रीटवर नख उमटेनासं झालं की हलकं पाणी शिंपडा, दुसऱ्या दिवशी सकाळी आळ्या बांधून भरा.

सळईची तपासणी इंजिनिअर करतील, पण तीन गोष्टी तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघा. पहिली, सळईखाली कव्हर ब्लॉक (सळई काँक्रीटच्या आत ठरावीक अंतरावर धरणारे छोटे ठोकळे) आहेत का: स्लॅबला २० मिलिमीटर, बीमला २५, कॉलमला ४०. खडीचा तुकडा सरकवून "कव्हर दिलंय" म्हणतील, ते चालवून घेऊ नका. दुसरी, पुढची गॅलरी आणि छज्जे. त्यांची मुख्य सळई वरच्या बाजूला असते. घमेली घेऊन माणसं तिच्यावरून चालली की ती दबून तळाला जाते आणि गॅलरी नावालाच उभी राहते. सळईला खालून आधाराच्या खुर्च्या (वाकवलेल्या सळईचे टेकू) लावून घ्या आणि चालायला फळ्या टाकायला लावा. छज्जावर उभा राहिलेला माणूस छज्जासकट खाली आलेला मी पाहिला आहे. त्या छज्जात सळई होती, तळाला होती. तिसरी, कॉलमच्या आणि बीमच्या रिंगांची, म्हणजे मुख्य सळयांना वेढणाऱ्या बारीक सळयांची, टोकं. ती काटकोनात वळवून सोडलेली नसावीत, आत काँक्रीटच्या पोटात वळलेली असावीत, आणि सांध्याजवळ रिंगा दाट हव्यात.

ही तिसरी गोष्ट भूकंपासाठी. सोलापूर भूकंपाच्या तिसऱ्या विभागात येतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारच्या सुमाराला, गणपती विसर्जनाची रात्र संपत असताना किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा इथंही माणसं रस्त्यावर आली होती. मी तेव्हा कामाला नवा होतो. तिकडं मदतीला गेलो, आणि जे पाहिलं त्यावरून तुमच्या सासऱ्यांच्या प्रश्नाचं उत्तर देतो.

ते चुकीचं बोलत नाहीत, ताई. माळवदाचं घर गार असायचं. लाकडी सरांवर फळ्या, त्यावर फूट-दीड फूट मातीचा थर. दिवसभराचं ऊन त्या मातीतून खाली उतरेपर्यंत रात्र व्हायची आणि माणसं वर निजायला गेलेली असायची. भिंतीही दोन-अडीच हाताच्या. पण तेच वजन त्या पहाटे झोपलेल्या माणसांवर आलं. मातीत रचलेला गोल दगड, आतल्या-बाहेरच्या थरांना बांधणारा आडवा दगड नाही, आणि वर मातीचा ढीग. हजारो माणसं गेली. सासऱ्यांना हे माहीत असेल, त्या पिढीतल्या प्रत्येकाला आहे. त्यांना हवाय तो गारवा, आणि तो स्लॅबच्या घरातही बराचसा आणता येतो.

उन्हाळ्यातला ताप मुख्यतः वरून येतो. वॉटरप्रूफिंगला विटांच्या तुकड्यांचा कोबा घालून घ्या, वर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी. कोबा पाणीही अडवतो आणि थोडं ऊनही, पांढरा रंग बाकीचं परतवतो. ते जड जात असेल तर यंदा नुसता कोबा करा आणि दर पाडव्याला गच्चीवर चुन्याचे दोन हात मारा. पश्चिमेची भिंत नऊ इंची ठेवा आणि जिना, न्हाणीघर, अडगळीची खोली त्या अंगाला येत असतील तर तशीच राहू द्या, निजायची खोली तिकडं नेऊ नका. खिडक्यांवर दोन फुटी छज्जा. छताच्या खाली समोरासमोर झरोके ठेवा, गरम हवा वरून निघून जाते. लोक हल्ली झरोके बुजवतात, मला ते पटत नाही.

विटांचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. फताटेवाडीच्या वीज केंद्रामुळे आपल्याकडे राखेच्या विटा मिळतात. आकारानं एकसारख्या असतात, गिलावा कमी लागतो. भट्टीची लाल वीट घेतलीत तर दोन विटा एकमेकींवर वाजवून बघा, खणखणीत वाजली पाहिजे. चोवीस तास पाण्यात ठेवून वजन पाचव्या हिश्श्याहून जास्त वाढत असेल तर ती गाडी परत. दोन्हींपैकी कुठलीही घ्या, पण एका भिंतीत दोन्ही मिसळू नका. त्या सांध्यावर गिलाव्याला रेष येते.

सेंट्रिंग आठव्या दिवशी काढायचा हट्ट ठेकेदार का धरतो, ते समजून घ्या. त्याच्या प्लेटा भाड्याच्या आहेत आणि पुढच्या साइटला लागल्यात. मानकात साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबला टेकू ७ दिवस आणि सहा मीटरपर्यंतच्या बीमला १४ दिवस आहेत, पण ते साध्या सिमेंटचं गणित. तुमच्या पीपीसीला आणि या उन्हाला मी स्लॅब १४, बीम २१ आणि गॅलरी सगळ्यात शेवटी असं धरतो. जादा दिवसांचं भाडं तुम्ही देतो म्हणा. आताच, स्लॅबच्या आधी, कागदावर लिहून. नंतर त्यावरून भांडण होतं आणि भांडणात टेकू निघतात.

सांगणारं तोंड एक ठेवा, हेही तितकंच महत्त्वाचं. सकाळी शाळेच्या आधी तुम्ही जाऊन खिडकी डावीकडं सरकवायला सांगता, संध्याकाळी यजमान येऊन ती होती तिथंच म्हणतात. गवंडी दोघांनाही "बरं" म्हणतो आणि त्याला सोपं पडेल तिथं करतो. पुष्कळ जोडप्यांची घर बांधतानाची भांडणं मी ऐकली आहेत आणि त्यातली निम्मी या "बरं"मधून निघालेली असतात. रात्री जेवताना दोघांनी ठरवा, वहीत लिहा, आणि गवंड्याशी एकानंच बोला. माझा सल्ला विचाराल तर ते तुम्ही, कारण सकाळी कामाची आखणी होते तेव्हा तुम्ही तिथं असता. मालाची मोजदाद आणि पैसे यजमानांकडं. पैसे कामाच्या टप्प्यावर द्या, आठवड्याच्या उचलीपुरतं थोडं आगाऊ चालेल, टप्पा पुरा व्हायच्या आधी त्याचा हप्ता नाही. सिमेंटच्या पोत्यावर आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं, तीन महिन्यांपेक्षा जुनं घेऊ नका. काँक्रीट ओतण्याआधी सळईचे आणि विजेच्या पाइपांचे फोटो काढून ठेवा. पुढं खिळा ठोकताना तेच नकाशे होतात.

कागदपत्रांचं एवढंच: मंजूर नकाशात सोडलेली मोकळी जागा खाऊ नका आणि भोगवटा प्रमाणपत्र घेतल्याशिवाय काम संपलं असं समजू नका.

राहिला हौद. माती आणि पाणी, दोन्ही तिथं एकत्र येतात म्हणून तो नीट ऐका. पाच माणसांना माणशी १३५ लिटर म्हणजे दिवसाला ६७५. पाच दिवसांनी पाणी येतं आणि एखादी पाळी चुकते, असं धरून दहा दिवसांचे पावणेसात हजार लिटर. आतून रुंदी पाच, लांबी बारा आणि पाण्याची उंची चार फूट ठेवली तर ६,८०० लिटर बसतात. खोली मुद्दाम कमी ठेवतोय: पुढच्या बाजूला तुमचे फुटिंग, म्हणजे कॉलमखालचे पाये, पाच फुटांवर आहेत आणि हौदाचा तळ त्यांच्या खाली जाता कामा नये. पुढची मोकळी जागा नऊ-दहा फूट असेल असं धरतो. तिथं घराकडच्या भिंतीपासून किमान चार फूट सोडून, लांबी रस्त्याला समांतर. भिंती सळईच्या काँक्रीटच्याच. विटांचा हौद काळ्या मातीत टिकत नाही, पावसाळ्यात माती बाहेरून दाबते आणि हौद नेमका रिकामा असला की भिंत आत येते. भोवतालचा भराव मुरमाचा. वापरायला काढण्याआधी काठोकाठ भरून झाकून ठेवा, पाण्याच्या रेषेवर खूण करा आणि सात दिवसांनी बघा.

आणि जादा पाण्याचा पाइप. नळाला रात्री दोनला पाणी येतं, कॉक सोडून माणूस झोपी जातो, हौद भरतो आणि तासभर पाणी जोत्याला लागून वाहतं. महिन्यातून सहा-सात रात्री, वर्षानुवर्षं. तुमच्या घराखालच्या मातीला एवढं पाणी पाऊसही देत नाही. तोंडाला फ्लोट बसवा आणि जादा पाण्याचा पाइप थेट रस्त्याच्या गटारात न्या. घराभोवती तीन फूट रुंद काँक्रीटची पट्टी बाहेरच्या उतारानं करून घ्या. बाग तिच्या पलीकडं. ड्रेनेजची चेंबरं गिलावा करून, पाणी भरून तपासल्याशिवाय मातीनं झाकू देऊ नका. कडुलिंब किंवा बदाम लावायची हौस असेल तर पुढं रस्त्याच्या कडेला, भिंतीजवळ नको. मोठ्या झाडाची मुळं उन्हाळ्यात भिंतीखालची ओल शोषतात आणि माती तेवढ्याच जागी आकसते.

कॉलमवर पाणी टिकत नाही, वाहून जातं, ही तुमची तक्रार खरी आहे. यजमानांना कारखान्यातून टॉवेलचे नापास तुकडे आणायला सांगा. ते गोणपाटापेक्षा जास्त पाणी धरतात. कॉलमला दोन वेढे घालून सुतळीनं बांधा, वरून प्लास्टिक गुंडाळा, आणि दिवसातून दोनदा डोक्यावरून तांब्या-तांब्यानं सोडा.

स्लॅबवरच्या पाण्याची पाळी सासऱ्यांकडे द्या. दिवसभर घरी असणारे तेच आहेत आणि घर तापेल याची काळजीही त्यांनाच जास्त आहे. एका काडीला दोन इंचांवर खूण करून द्या. सकाळी सात आणि संध्याकाळी सहा, प्रत्येक आळ्यात काडी बुडवायची, खुणेखाली पाणी गेलं असेल तर भरायचं आणि वहीत वेळ लिहायची. दुपारच्या उन्हात मात्र त्यांना जिना चढू देऊ नका. कच्च्या जिन्याला कठडा नसतो, तेव्हा त्याआधी दोन्ही बाजूंना बांबू बांधून घ्या.